सुतकातली दुनळी

तुमच्या घरात मेलेल्या माणसाच्या नावावरची बंदूक आहे का? असेल तर ती ह्या घडीला कुठं टांगलेली आहे, कोणाच्या हाताला लागू शकते आणि परवाना ज्याच्या नावाचा होता त्याला जाऊन किती दिवस झाले, हे तुम्हाला सांगता येईल का?

मला सांगता येत होतं. अकरा दिवसांतला दिवस न् दिवस सांगता येत होता. म्हणूनच हे लिहितो आहे. लिहितो माझ्या थोरल्या भावाला, पण ऐकावं सगळ्यांनी.

दादा, तू गेलास त्याला सव्वा महिना झाला. तुझ्याविषयी लिहायचं म्हटलं की लोक विचारतात, जन्मसाल काय, पलटण कोणती, बिल्ले किती मिळाले. ते मी लिहिणार नाही. ते सरकारी कागदात आहे. आणि त्याच सरकारी कागदात तुझ्याविषयी एक धडधडीत खोटं आहे, जे तू स्वतःच सांगितलंस, माझ्यासाठी. मला ते खोडायचं आहे.

मला वाचायची गोडी तू लावलीस, आणि तुला स्वतःला जोडाक्षर दिसलं की घाम फुटायचा. इस्लामपूरच्या बाजाराला गूळ घेऊन गेलास की परत येताना तू पत्रकं गोळा करून आणायचास. काही सभेत वाटलेली, काही भिंतीवरून खरवडलेली, काही वाण्यानं हळदीची पुडी बांधलेली. शाळेचं पुस्तक सोडलं तर आपल्या घरात छापील असं दुसरं काही नव्हतं. बैलांपुढं वैरण टाकता टाकता तू म्हणायचास, "वाच रं. मोठ्यानं वाच. बैलास्नी बी कळू दे गुलामी म्हंजी काय असती." मी दावणीच्या खांबाला टेकून वाचायचो. पत्रकात जिथं जिथं 'बंधूंनो' असं यायचं तिथं तिथं तू हात वर करून "ओ!" द्यायचास. मी चिडायचो. तू म्हणायचास, "आरं, हाक मारल्यावर ओ नगं द्यायाला?"

आणि मग एक दिवस त्याच सरकारच्या पलटणीत तू नाव घातलंस.

त्या दिवशी मी तुला काय काय बोललो ते तुझ्या लक्षात असणार. मी तुला विकला गेलेला म्हणालो. तू ट्रंकेला सुतळी बांधत होतास. वर न बघता म्हणालास, "आपल्या बापाचा, आबांचा शब्द मोडवला न्हाई मला. तुझ्यासारखं बोलाया येत न्हाई, म्हनून जातोय. ज्याला बोलाया येतंय त्यानं ऱ्हावं." आपला हा वाद तिथंच तुटला. पुढं तू ब्रह्मदेशातून परत आलास, अंगात हिवताप आणि हातात पलटणीतून नाव कमी केल्याचा कागद घेऊन, तेव्हा मी भूमिगत पोरांची पत्रकं लिहीत होतो. वाद पुन्हा काढायला आपल्या दोघांनाही सवड नव्हती. वहिनी मात्र जेवायला वाढताना म्हणायची, "एकाच्या अंगात ताप, एकाच्या नखात शाई. माझ्या चुलीपुढं दोन फौजा जेवत्यात."

मग आबा गेले.

आबा आधीच्या महायुद्धात जमादार होते आणि त्या नोकरीपायी त्यांना दुनळी बंदुकीचा परवाना मिळाला होता. सरकारची तेवढी एकच मेहेरबानी आपल्या घरात होती. उसात डुकरं शिरली की आबा बांधावर उभे राहून बार काढायचे. दसऱ्याला तिच्या दस्त्यावर झेंडूचं फूल ठेवायचे. उडवलेल्या प्रत्येक काडतुसाची वहीत नोंद करायचे, 'डुकरावर एक', 'फुकट एक'. त्या वहीत फुकट गेलेलीच जास्त होती आणि ती आबांनी प्रामाणिकपणे लिहिली होती.

आपण राख सावडून आलो त्याच दिवशी, ओल्या अंगानं, तू सोप्यात मला म्हणालास, "शिवा, बस. अर्ज लिव. बंदूक ठाण्यात जमा करून येतो."

सगळं तू आधीच ठरवून ठेवलं होतंस. आबा अंथरुणावर होते तेव्हाच पलटणीतल्या ओळखीच्या कारकुनाला विचारून आला होतास. परवाना आबांचा. आबा गेले, परवाना त्यांच्याबरोबर गेला. आता बंदूक घरात असणं हाच गुन्हा. ती विनाविलंब ठाण्यात द्यायची, पावती घ्यायची, वारस म्हणून विक्रीची परवानगी मागायची आणि ज्याच्याजवळ परवाना आहे अशाला विकून मोकळं व्हायचं. गिऱ्हाईकही तू बघून ठेवलं होतंस. वाईच्या वरच्या डोंगरातला शेतकरी, तुझ्या पलटणीतल्या दोस्ताचा बाप. त्याची जुनी बंदूक निकामी झाली होती आणि डुकरं त्याचं रान ठेवत नव्हती.

मी म्हणालो, "एवढी घाई कशाला?"

तू सरळ बोललास. "तू हाईस म्हनून. तू ती कुनाला तरी देशील. ती कुनावर तरी सुटंल. मग तुला फासावर चढवतील. आज एक राख सावडून आलोय गड्या, दुसरी न्हाई सावडायची मला."

त्यावर मी भाषण दिलं. आपल्या बापाची वस्तू ठेवायला परक्यांनी आपल्याला परवानगी द्यायची काय? बाप मेला की ती त्यांच्या पायाशी नेऊन ठेवायची काय? अख्ख्या देशाच्या हातातून हत्यार काढून घेणारा हा कायदा, त्याला तू कायदा म्हणतोस? आतून वहिनीचा आवाज आला, "भावजी, भाषान भायेर द्या. हितं मानूस गेलंया."

तू एवढंच म्हणालास, "कायद्यात विनाविलंब लिवलंय."

"विनाविलंब म्हणजे आजच, असं कुठं लिहिलंय?"

तुला शब्दांची भांडणं जमत नव्हती, ती मला जमत होती. तरी तू उठून बंदुकीच्या खुंटीकडं निघालास. तेव्हा मी काय केलं ते लिहितो. कोपऱ्यात आपले चुलते, तात्या, तंबाखू मळत बसले होते. मी त्यांच्याकडं वळलो आणि साळसूदपणे विचारलं, "तात्या, सुतकात गेलेल्याची वस्तू उंबऱ्याबाहेर काढतात का हो?"

"छ्या छ्या!" तात्यांनी तंबाखू टाकूनच दिली. "तेराव्याच्या आत? आरं, जीव घुटमळतोय त्यात. ज्ञानू, हात लावू नगंस त्या बंदुकीला."

दादा, आदल्याच वर्षी सुतकाविरुद्ध पत्रक लिहिणारा मी. मेलेल्याच्या नावानं जिवंत माणसानं तेरा दिवस कोंडून घ्यावं हा कसला धर्म, असं मी त्यात विचारलं होतं. तू ते चावडीवर वाचून घेतलं होतंस आणि लोकांच्या शिव्याही खाल्ल्या होत्यास. तू माझ्याकडं वळून बघितलंस. तुला हसू आलं.

"शिवा? तू? सुतक?"

"माझ्यासाठी नाही," मी म्हणालो, "तात्यांसाठी."

तू परत फिरलास. तात्यांना दुखवणं तुला जमणार नाही हे मला माहीत होतं. मी ते हिशेबात धरूनच बोललो होतो.

आता ते, जे मी तुला कधीच सांगितलं नाही. पोरांना मी शब्द देऊन बसलो होतो. तेराव्याच्या आत बंदूक तुमच्या हातात देतो म्हणून. आबा शेवटचा श्वास घेत होते तेव्हाच दिला होता तो शब्द. देशासाठी दिला होता, असं मी तेव्हा म्हटलं असतं. देशासाठी तुझ्याकडं बंदूक मागायची तर तुझ्या डोळ्यांत बघून मागावी लागली असती. ते धाडस माझ्यात नव्हतं. मी तात्यांच्या सुतकाआड जाऊन उभा राहिलो.

दहाव्याला सगळी माणसं नदीवर गेली. मी गेलो नाही. पिंड मी मानत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. सुतक मानलं आणि पिंड नाकारला, आणि कोणालाही त्यात विसंगती दिसली नाही. घर रिकामं झाल्यावर मी दुनळी खाली काढली. पोरांतला एकजण मळ्यात येऊन थांबला होता. बंदूक चालते का ते त्याला बघायचं होतं. उसाच्या आत जाऊन त्यानं दोन बार काढले. बाराव्याच्या रात्री न्यायला येतो म्हणून तो गेला. मी नळी पुसली, बंदूक खुंटीला लावली, काडतुसांचा डबा जागेवर ठेवला. वहीत मात्र काही लिहिलं नाही. लिहिणार काय होतो?

वहिनीनं नंतर सांगितलं की नदीवर कावळा पिंडाला शिवत नव्हता. सगळ्यांनी कायकाय कबूल करून पाहिलं. मग तू हात जोडून मोठ्यानं म्हणालास, "आबा, तुमची बंदूक नीट जागी लावतो. शिवाला कायबी होऊ देत न्हाई." कावळा आला. मी कावळ्यावर विश्वास ठेवत नाही. पण तू तो शब्द भरल्या घाटावर दिलास आणि त्या घटकेला मी उसात कान झाकून उभा होतो, हे खरं आहे.

घरी आल्यावर तुला उडालेल्या बाराचा वास आला असणार. सैन्यातला माणूस तू. तू डबा उघडलास, वही काढलीस, जुळवून पाहिलंस. मला एक शब्द विचारला नाहीस. अकराव्या दिवशी मी पत्रकं पोचवायला विट्याला गेलो. परत आलो तर वहिनी उंबऱ्यात बसली होती.

"गेलं ते. घोंगड्यात बंदूक गुंडाळली, डबा घेतला, चालत ठाण्याला गेलं. तात्या आडवं झालं तर म्हनलं, सुतक शिवाला पाळू द्या, मी चाललो."

ठाण्यात तुला बसवून घेतलं, ते घेतलंच. आपल्या भागात त्या दिवसांत सरकार प्रत्येक नळीचा माग काढत होतं आणि तू बापाच्या मरणानंतर अकरा दिवसांनी दोन काडतुसं कमी असलेली बंदूक घेऊन समोर उभा राहिलास. पाच आठवडे कोठडी. पौषातली थंडी, फरशी आणि अंगात ब्रह्मदेशचा ताप. मी तुला भेटायला आलो नाही. पोरांनी मला दुसऱ्या गावी लपवलं होतं. मी तिथं बसून 'तुरुंगाच्या भिंती' असं पत्रक लिहिलं, त्यात तुझं नाव नव्हतं.

जामिनावर तू सुटल्याचं कळलं तेव्हा मी घरी परतलो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. आम्ही तुला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तुझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबलं आणि मग वहिनीकडं न बघता मला बाहेर बोलावलं. परतीच्या वाटेवर, बैलगाडीत, तू शुद्धीवर होतास. तू विचारलंस, "अर्ज लिवलास काय रं?" मी म्हणालो, "कोणता?" तू म्हणालास, "विकायचा. आजून आपलीच हाय ती. मुदतीत विकली न्हाई तर सरकारजमा हुईल. वाईवाला वाट बघत आसंल." आणि मी, दादा, त्याही वेळी, मरणाऱ्या माणसाशी वाद घातला. म्हणालो, सरकारकडं अर्ज करणं म्हणजे त्याचा हक्क मान्य करणं. तू डोळे मिटलेस. "बरं बाबा," म्हणालास. तो आपला शेवटचा वाद. त्यातही मीच जिंकलो.

चार दिवसांनी तू गेलास.

तुझी राख सावडली, त्याच दिवशी मी अर्ज लिहिला आणि ठाण्यात गेलो. या वेळी तात्या आडवे आले नाहीत. ठाण्यातला हवालदार वयानं मोठा होता. आरोपी मयत, खटला संपला, बंदूक वारसांना विकायला मिळेल, फक्त कोर्टाचा हुकूम आणा, असं त्यानं नीट समजावलं. मग कागद चाळताना, काय वाटलं कोण जाणे, तुझी जबानी त्यानं मला वाचून दाखवली.

"दोन काडतुसं कमी का?"

"डुकरावर उडवली."

"कोणी?"

"मी."

"बाप मेल्यावर? बिगरपरवाना?"

"व्हय."

"अकरा दिवस बंदूक जमा का केली नाहीस?"

"सुतक हुतं, सायेब. आमच्या घरात समदी मानत्यात."

हवालदार चष्मा पुसत म्हणाला, "सुतकाचं बोलला तिथवर ठीक हुतं. साहेबांनी एखादे वेळी सोडलाबी असता. काडतुसाला 'ठावं न्हाई' म्हनाला असता तरी चाललं असतं. लय सांगितलं त्याला. हटूनच बसला, मीच उडवली म्हनून. असं का केलं त्यानं, तुमास्नी काय ठावं?"

मी म्हणालो, "नाही." दादा, मी तिथंही नाही म्हणालो.

पुढं काय लागलं सांगू? चार फेऱ्या. कोर्टाचा हुकूम, वारसांचा अर्ज, त्यावर वहिनीचा अंगठा आणि माझी सही, तात्यांची साक्ष, घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद. सगळा मिळून दीड ताव कागद. मी एका पत्रकाच्या खर्ड्याला याहून जास्त कागद फाडतो. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात पसरला नाही. आबा गेले त्याच दिवशी हे सुरू झालं असतं तर मधल्या दोन फेऱ्याही वाचल्या असत्या. हे इतकं सोपं होतं हेच मला सोसत नाही. अवघड असतं तर तुझ्या मरणाचं खापर फोडायला मला सरकार पुरलं असतं.

वाईच्या डोंगरातला म्हातारा ठाण्याच्या दारातच बंदूक ताब्यात घ्यायला आला. त्यानं ती बिजागरीशी उघडून नळीतून उजेड पाहिला. "पुसल्याली लय बेस हाय. पलटनीतला हात दिसतोय." मग म्हणाला, "पोरानं लिवलं हुतं मला. ज्ञानूची बंदूक घ्या, त्याचा धाकला भाऊ लय हुशार हाय, त्याच्यापायी विकतोय म्हनून. त्यो भाऊ कुठं असतो?"

"मीच तो."

"आसं व्हय," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा नळीत बघायला लागला. बराच वेळ बघत राहिला.

कोणी असं समजू नये की मी शरण गेलो. हा कायदा आपल्याला नि:शस्त्र आणि लाचार ठेवण्यासाठी केला आहे, असं मी कालही म्हणत होतो आणि उद्याही लिहीन. ज्याला तो मोडायचा असेल त्यानं उघड मोडावा, स्वतःच्या नावानं मोडावा आणि त्याची शिक्षा स्वतःच्या अंगावर घ्यावी. मी तुझ्या अंगावर टाकली. उजेडात तत्त्व बोललो आणि आडोशाला सुतक वापरलं. तू तत्त्वाचा एक शब्द बोलला नाहीस.

म्हणून इथं, सगळ्यांसमोर, लिहून देतो. ती दोन काडतुसं ज्ञानूनं उडवली नाहीत. बंदूक आणि डबा घराबाहेर मी काढला. अकरा दिवसांचा उशीर मी घडवला. माझ्या भावाच्या नावावरचा गुन्हा माझा आहे. खटला संपलेला आहे आणि मेलेल्या आरोपीची जबानी कोणी दुरुस्त करत नाही, असं हवालदारानं सांगितलं आहे. तर ही दुरुस्ती इथंच राहू दे. हे छापून आल्यावर कोणाला मला न्यायचं असेल तर मी घरी आहे, लपलेला नाही. दुसऱ्या कोणाचं नाव मी सांगणार नाही. ते मी तुझ्याकडून शिकलो.

काल वहिनीला हे वाचून दाखवलं. ती सूप बाजूला ठेवून ऐकत होती. मला वाटलं ती रडेल, किंवा मला घराबाहेर काढेल. दोन्हीपैकी काही झालं नाही. ती म्हणाली, "मला ठावं हुतं. त्यांनी जाताना सांगितलं हुतं, काडतुसाचं शिवाला इचारू नगं, त्यो आपून हून सांगंल." मग, "लय उशीर केलासा, भावजी." आणि सूप पुन्हा हातात घेत, "आता लिवलंयच तर खाली आसं कायतरी लिवा, की दुसऱ्या कुनाच्या घरातला मानूस तरी वाचंल."

तर वाचणाऱ्यांनो, वहिनीच्या सांगण्यावरून विनंती करतो. तुमच्या घरात गेलेल्या माणसाच्या परवान्याची बंदूक असेल तर हा कागद खाली ठेवा आणि उठा. दहावा, तेरावा, मुहूर्त, अमावस्या, कशासाठीही थांबू नका. गोळ्या, काडतुसं, परवाना, वही, जे असेल ते सगळं बरोबर घ्या आणि जवळच्या ठाण्यात जमा करून पावती घ्या. विकायची असेल तर वारसांच्या सह्या-अंगठे घेऊन परवानगीचा अर्ज करा आणि परवाना असलेल्या माणसालाच द्या. आणि घरात माझ्यासारखा कोणी लिहिणारा-वाचणारा पोरगा असेल, कायद्याचा कीस काढत असेल, तर त्याचं भाषण ऐकू नका. त्याच्यापुढं कागद-दौत ठेवा आणि अर्ज पुरा लिहून होईपर्यंत त्याला जेवायला वाढू नका.